उमेदवारी



मागच्या वर्षी छायाचित्रणाचा अभ्यासक्रम शिकणारा एक मुलगा माझ्या स्टुडिओत आला. नमस्कार करून त्याने थेट विचारले, "मॅडम, इंटर्नशिप कुठे मिळते?" प्रश्न साधा होता, पण त्यातील 'मिळते' या क्रियापदापाशी मी अडखळले. एस.टी.चा पास मिळतो, उत्पन्नाचा दाखला मिळतो, तशी तीही कुठल्यातरी खिडकीवर मिळत असावी आणि त्या खिडकीचा पत्ता तेवढा मला ठाऊक असावा, अशी त्याची समजूत दिसली. मी त्याला चहा दिला. उत्तर मात्र त्या दिवशी देऊ शकले नाही. ते आज तुमच्यापुढे मांडते आहे. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, हे मी विसरलेले नाही. परंतु तुमच्यापैकी कुणाच्या घरी स्टुडिओ असेल, कुणी लग्नसराईत कॅमेरा घेऊन रात्री जागवत असेल. आणि ज्यांचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही, त्यांनाही पदवी हाती आल्यावर कुणाच्या तरी दारात उभे राहून 'मला काम शिकू द्या' असे म्हणावे लागणारच आहे.

इंटर्नशिपला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे : उमेदवारी. आज तो ऐकला की निवडणूक आठवते. पूर्वी मात्र कचेरीत कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. पुढे १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत शिकणाऱ्यांना 'शिकाऊ उमेदवार' म्हणून ओळख दिली आणि त्यांच्यासाठी विद्यावेतनाची तरतूद केली. उमेद धरतो तो उमेदवार. या शब्दात आशा आहे, तशीच फुकटची राबणूकही आहे. या दोन्ही गोष्टी मी भोगल्या. आणि, पुढे सांगेनच, दुसऱ्या एका मुलीला भोगायलाही लावल्या.

१९९३ साली मी बारावी झाले. वडील कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गूळ-अडत्याकडे हिशेब लिहीत. मला नियमित महाविद्यालयात घालणे त्यांच्या आवाक्यात नव्हते, म्हणून बाहेरून बी.ए. करण्याचे ठरले. त्याच सुमारास शाहूपुरीतील एका स्टुडिओच्या दारावर 'रिटचिंगसाठी मुलगी पाहिजे' अशी पाटी दिसली. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मी सोबत नेलेली चित्रकलेची वही त्यांनी उघडलीही नाही. हातात एक कठीण शिशाची पेन्सिल दिली आणि टोक करायला सांगितले. मी ब्लेडने टोक केले. "ह्याच्या तिप्पट लांब. सुईसारखं," ते म्हणाले आणि पॉलिश पेपरचा तुकडा पुढे सरकवला. तीन दिवस मी टोकेच करीत होते.

ज्यांनी फक्त मोबाइलचे युग पाहिले, त्यांच्यासाठी हे काम थोडे उलगडून सांगायला हवे. निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो आणि अंधार पारदर्शक. चेहऱ्यावरची सुरकुती, मुरमाचा डाग, डोळ्यांखालची छाया या साऱ्या गोष्टी निगेटिव्हवर फिकट, स्वच्छ रेषा होऊन उतरतात. उजळलेल्या दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायची, शिसे धरावे म्हणून तिच्यावर एक पातळ द्रव पुसायचा आणि त्या फिकट रेषांवर पेन्सिलीने इतके हलके गिरवायचे की हात लागला की नाही, हे आपल्यालाही कळू नये. प्रिंट काढली की सुरकुती मावळलेली असते. नवरीचे फोटो असे 'उजळून' देण्यात अण्णांच्या स्टुडिओचा लौकिक होता. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. आता वाटत नाही; पण तो वेगळा विषय आहे.

पहिले सहा महिने मला पगार नव्हता. दुपारचा चहा आणि दिवाळीला साडी. त्यानंतर महिना दीडशे रुपये सुरू झाले. कॅमेऱ्याला हात लावायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांविषयी माझे मत आजही एकसंध नाही. अण्णांनी मला जे दिले ते कुठल्याही वर्गात मिळाले नसते. आणि त्यांनी माझ्याकडून जे घेतले त्याचा मोबदला दिला नाही, हेही तितकेच खरे. एका वाक्याने दुसरे पुसले जात नाही.

त्या काळातील एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. कागल तालुक्यातील एक बाई आपल्या दिराबरोबर आल्या. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते आणि त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो घरात नव्हता. होता तो कुणाच्या तरी लग्नातला समूहफोटो. मागच्या रांगेत, फेट्यांच्या गर्दीत, अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा. पेन्शनच्या कागदांसाठी आणि भिंतीवर हार घालण्यासाठी त्यांना तो मोठा करून हवा होता. अण्णा तापाने घरी होते. काम माझ्याकडे आले.

मी समूहफोटोची नक्कल काढून घेतली, नव्या निगेटिव्हवर शेजाऱ्यांचे खांदे लाल अपारदर्शक रंगाने झाकले, म्हणजे प्रिंटमध्ये तेथे कोरी पांढरी पार्श्वभूमी यावी. चेहरा मोठा करताच कण फुटले, डोळ्यांच्या जागी दोन धूसर ठिपके उरले. मी चार दिवस खपून त्या ठिपक्यांत पेन्सिलीने डोळे भरले. रेखीव, पाणीदार, जसे नवरदेवांचे भरत असे. बाई आल्या. फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "डोळं त्येंचं न्हाईत, बाई."

दीर म्हणाला, "वैनी, झालंय की झकास." त्या काही बोलल्या नाहीत. पैसे देऊ लागल्या, तेव्हा माझ्याच्याने घेववेना. मी फोटो ठेवून घेतला, नव्याने नक्कल केली आणि या वेळी डोळ्यांना हात लावला नाही. धूसर होते तसेच ठेवले. फक्त कपाळावरचा ओरखडा भरला. दुसरा फोटो त्यांनी पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. अण्णा बरे होऊन आल्यावर मी दोन्ही प्रिंट त्यांच्यापुढे मांडल्या. त्यांनी पहिली फाडून टाकली व दुसऱ्या दिवसापासून मला गिऱ्हाइकांशी बोलण्याच्या टेबलावर बसवले. माझी खरी उमेदवारी तिथून सुरू झाली. गिऱ्हाईक काय मागते, त्याला प्रत्यक्षात काय हवे असते, किंमत कशी सांगावी, उशीर झाला तर कोणत्या शब्दांत कळवावे, हे सारे मी त्या टेबलावर शिकले.

म्हणून त्या मुलाला द्यायच्या उत्तराचा पहिला भाग असा : जागा निवडताना स्टुडिओच्या पाटीवरचे नाव पाहू नका, एखादे काम पहिल्या फोनपासून अखेरच्या प्रिंटपर्यंत तुम्हाला पाहता येईल का, ते पाहा. मुंबईतील एखाद्या नामवंताकडे सहा महिने दिव्यांचे स्टँड उचलणारे मला माहीत आहेत. त्यांच्या बायोडेटावर मोठे नाव आले. पण गिऱ्हाइकाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. उलट तालुक्याच्या गावी पासपोर्ट फोटो काढणाऱ्या माणसाकडे तीन महिन्यांत हा सारा व्यवहार समजतो.

दुसरा भाग वाटेचा. 'या शिक्षणानंतर पुढे काय?' असे विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकच सरळ रस्ता असतो. मला अशा वेळी दादासाहेब फाळके आठवतात. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथून त्याला रतलामला धाडले गेले ते तीनरंगी ब्लॉक बनवण्याचे तंत्र एका जाणकाराच्या हाताखाली शिकण्यासाठी. ही उमेदवारीच नव्हे तर काय? पुढे गोध्र्याला स्टुडिओ थाटला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले आणि ते गाव सुटले. फोटो काढला की आयुष्य घटते या लोकभ्रमाशीही त्यांना झगडावे लागले. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा, त्यात भागीदारांशी मतभेद. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तेव्हा फाळके चाळिशी ओलांडून गेले होते. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी एक चिमुकली चित्रफीत त्यांनी थोडी थोडी करून टिपली होती. ती चिकाटी स्टुडिओतली, छपाईतली, ब्लॉकच्या कारखान्यातली होती. यातील एकही नोकरी त्यांनी 'सिनेमासाठी अनुभव' म्हणून केली नव्हती.

आजच्या वाटाही अशाच आडवळणाच्या आहेत. लग्नाच्या ऑर्डरी आणि वृत्तपत्रे या दोन सर्वांना दिसतात. पण पुरातत्त्व खात्याला उत्खननाच्या थरांची छायाचित्रे लागतात. संग्रहालयांना वस्तूंची आणि जुन्या काचेच्या निगेटिव्हांची डिजिटल नक्कल हवी असते. पोलीस तपासात घटनास्थळाचे छायाचित्रण हा स्वतंत्र विषय आहे. त्वचेच्या आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना उपचारापूर्वीची व नंतरची अचूक नोंद लागते. आणि दूर कशाला जायचे? माझ्या जिल्ह्यात हुपरी आहे. तिथल्या चांदीच्या पैंजणांचा फोटो काढून पाहा. चांदी आरशासारखी असते. तिच्यात दिवा दिसतो, कॅमेरा दिसतो, तुमचे स्वतःचे तोंड दिसते. दागिन्याभोवती बटर पेपरचा तंबू करून बाहेरून उजेड द्यावा, मग कुठे चांदी चांदीसारखी दिसते. हुपरीत पैंजणे घडवणारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांचा माल आता मोबाइलवरच्या छायाचित्रांवरून विकला जातो. ज्याला हा तंबू बांधता येतो, त्याला कोणाच्या दारात 'इंटर्नशिप आहे का' असे विचारायची गरज उरत नाही. 'तुमच्या पाच नगांचे फोटो काढून दाखवतो' एवढे वाक्य पुरते.

अर्ज लिहायचाच असेल तर त्यातही हेच वाक्य ठेवा. माझ्याकडे येणारे बहुतेक अर्ज 'मला लहानपणापासून छायाचित्रणाची आवड आहे' या वाक्याने सुरू होतात आणि सोबत दोनशे फोटो असतात. मी पहिले दहा पाहते. दहाबारा निवडक फोटो, प्रत्येकाखाली कुठे, कधी, कोणते काम चालले असताना, एवढी एक ओळ. इथे तुमचा, म्हणजे मराठीच्या विद्यार्थ्याचा, खरा उपयोग आहे. वृत्तपत्रात जिला फोटोओळ म्हणतात ती नीट लिहिता येणारे छायाचित्रकार फार थोडे आहेत. 'पूरग्रस्तांची व्यथा' ही फोटोओळ नव्हे. माणसाचे नाव, गाव, हातात काय आहे, कुठे निघाला आहे, हे वीस शब्दांत बसवणे ही भाषेची कसोटी आहे आणि तिच्यासाठी तुम्ही तीन वर्षे तयारी केलेली असते.

वृत्तपत्रांचा विषय निघाला म्हणून एक जुने दुखणे सांगते. २००५ च्या पावसाळ्यात पंचगंगेला महापूर आला. मी दोन दिवस भिजत फिरून फोटो काढले आणि त्यातील सहा प्रिंट एका दैनिकाच्या कचेरीत नेऊन दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यातील दोन पहिल्या पानावर छापून आल्या. माझे नाव नव्हते, पुढे पैसेही आले नाहीत. विचारायला गेले तेव्हा, "ताई, छापून आलं हेच काय कमी आहे?" असे उत्तर मिळाले. मी निमूट परत आले. कायदा मला माहीत नव्हता. आता माहीत आहे, तो तुम्हीही माहीत करून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्राचा हक्क मालकाकडे जातो. कुणी मोबदला देऊन काढवून घेतले तर त्या माणसाकडे. आणि स्वतःच्या मनाने, स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र तुमचेच राहते. हक्क दुसऱ्याला दिला तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार उरतोच. होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली होती, कारण बाईचे नाव तेव्हा चालण्यासारखे नव्हते. नेहरूंच्या काळातील दिल्ली आज आपण ज्यांच्या डोळ्यांनी पाहतो, त्या छायाचित्रकाराची ही कथा. उमेदवार हा पुरता नोकर नसतो आणि स्वतंत्रही नसतो. म्हणूनच त्याच्या बाबतीत कागदावर काय लिहिले आहे, याला महत्त्व येते.

मुलींनी आणखी एक गोष्ट त्या कागदात लिहून घ्यावी : रात्रीच्या ऑर्डरीनंतर घरी पोचवण्याची जबाबदारी कोणाची. हे विचारताना संकोचू नका. जो मालक या प्रश्नावर हसतो, त्याच्याकडे काम करू नये.

आता माझ्या कबुलीकडे येते. अण्णांच्या पश्चात स्टुडिओ मी चालवू लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीत पाणी शिरले, तेव्हा आमच्या तळघरातील निगेटिव्हांचे खोके बुडाले. पाणी ओसरले आणि लोक आपापले भिजलेले अल्बम घेऊन दाराशी येऊ लागले. लग्नाचे, मुंजीचे, गेलेल्या माणसांचे. ओला फोटो घाईने सुकवला की तो शेजारच्या फोटोला कायमचा चिकटतो. म्हणून अल्बम ओला असतानाच उलगडायचा, गार स्वच्छ पाण्यात एकेक प्रिंट चिखल सुटेपर्यंत धुवायची, वरच्या थराला बोट लावायचे नाही आणि दोरीवर चिमट्याने टांगायची. हात कमी पडत होते. हातकणंगल्याहून एक मुलगी रोज येऊ लागली. छायाचित्रणाच्या पदविकेला होती. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत पाण्यात हात घालून उभी असे. तिच्या हातून दोनशेच्या वर फोटो वाचले असतील. तीन आठवड्यांनी ती यायची थांबली. मी फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, यायला-जायला रोज साठ रुपये लागतात. घरी मागायला लाज वाटते."

मी तिला एक रुपयाही दिलेला नव्हता. सुचलेच नव्हते. पुराचे दिवस, सगळेच फुकट राबत होते, असे मनाशी म्हणून पाहिले. पण खरे कारण तेवढेच नव्हते. मला सहा महिने मिळाले नव्हते, तेव्हा तिलाही तीन आठवडे न मिळणे मला स्वाभाविक वाटले होते. अण्णांचा हिशेब मी पुढे चालवीत होते. मी तिचे भाडे आणि झालेल्या दिवसांचा मोबदला घेऊन दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याला गेले. तिच्या आईने चहा केला. पैसे घ्यावेत की नाही यावर मायलेकींत थोडी कुजबुज झाली. मग तिने घेतले. ती परत आली आणि दिवाळीपर्यंत राहिली. आज ती पुण्यात एका खासगी संग्रहातील जुन्या काचेच्या निगेटिव्हांचे जतन करते. तिला ते काम मिळाले ते पाण्यात उभ्या राहिलेल्या दिवसांमुळे. माझ्या शिफारसपत्रात मी तेवढेच लिहिले होते.

त्यानंतर मी एक कागद तयार केला. कालावधी, रोजचे तास, येण्याजाण्याचा खर्च, दरमहा रक्कम, उपकरण बिघडल्यास जबाबदारी, काढलेल्या छायाचित्रांचा हक्क, रात्री घरी पोचवण्याची व्यवस्था. एक पानभर आहे. भाषा साधी मराठी ठेवली आहे, कारण सही करणाऱ्याला तो समजला पाहिजे.

चहा पिऊन गेलेला तो मुलगा महिन्याभराने पुन्हा आला. या वेळी सोबत बारा फोटो होते : त्याच्या आत्याच्या घरी हुपरीला पैंजणे घडतात, त्या भट्टीचे आणि तयार मालाचे. दोन फोटोंत चांदीवर त्याचाच चेहरा उमटला होता, ते त्यानेच आधी दाखवले आणि "हे कसं टाळायचं?" असे विचारले. मी त्याला कागद वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"मॅडम, ह्यात नाव कुठं छापणार ते नाही लिहिलं."

मी कागद परत घेतला, पेनाने तेवढी ओळ खाली वाढवली आणि मग आम्ही दोघांनी सह्या केल्या.